विश्लेषण : ॲपमधला फासा मुलांना संभाव्यता शिकवतो का?

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका. हातकणंगले तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पावसाळ्यात हे आकडे घरोघरी बोलले जातात. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर पाहिलेल्या या भागात 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा घेतला जातो. एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे निर्धास्त, असा तो अर्थ नाही. अशा पुराची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते. प्रत्येक वर्षाचा हिशेब स्वतंत्र धरला तर 30 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. नदीकाठी घर बांधणाऱ्याने विचार करावा, असा हा आकडा आहे.

मग शाळेत काय शिकवले जाते?

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग 1 मध्ये 'संभाव्यता' हे प्रकरण आहे. नमुना अवकाश लिहा, घटना लिहा, भागाकार करा. गुण मिळतात. अनेक शैक्षणिक ॲप हेच पडद्यावर आणतात : प्रश्न, चार पर्याय, बरोबर आले की हिरवी खूण. ही डिजिटल गाईड झाली.

अडचण खरी मोजण्यात आहे. दोन नाणी फेकली तर किमान एक छापा येण्याची शक्यता किती? अठराव्या शतकातील नामवंत फ्रेंच गणिती दालांबेर यांनी दोन तृतीयांश असे उत्तर दिले होते. पहिला छापा आला की खेळ संपला, म्हणून तीनच शक्यता, असा त्यांचा तर्क. त्या तीन सारख्या वजनाच्या नाहीत, हे निसटले. चारही जोड्या मांडल्या की उत्तर तीन चतुर्थांश येते. इतक्या मोठ्या माणसाची गफलत झाली, तिथे आठवीतल्या मुलाला सूत्र पाठ करायला लावून काय साधणार?

सॉफ्टवेअरचा उपयोग नेमका इथे आहे. मुलाने आधी अंदाज लिहावा, मग संगणकाने तीच नाणी दहा वेळा, शंभर वेळा, हजार वेळा फेकून आलेख काढावा. दहा फेकींत सात छापे आले तर नवल नाही; हजारात सातशे आले तर नाणे तपासावे. हा फरक फळ्यावर दाखवता येत नाही, कारण तासिकेत हजार वेळा नाणे फेकणार कोण? अंदाज न विचारता थेट उत्तर दाखवणारे ॲप मात्र फारसे कामाचे नाही.

एक गोष्ट पडद्यावर कधीच कळणार नाही. संगणकातल्या नाण्याला 'निम्मे-निम्मे' हे आधीच सांगितलेले असते. सारीपाटातली कवडी तशी नसते. ती पालथी पडेल की उताणी, हे तिच्या आकारावर ठरते. फोडलेल्या चिंचोक्याचेही तेच. तिथे सूत्र नाही, फेकून मोजावेच लागते. पुराची शक्यताही अशीच, जुन्या नोंदींवरूनच काढतात.

यासाठी महागडे टॅब लागत नाहीत. स्क्रॅच आणि जिओजेब्रा मोफत आहेत, साधी स्प्रेडशीटही पुरते. अडसर आहे तो वेळेचा. असा प्रयोग दोन तासिका खातो आणि परीक्षेत त्याला गुण नसतात. प्रात्यक्षिकाच्या वहीला चार गुण ठेवले, तर शिक्षकांनाही तासिका काढता येतील.

तीस मुलांनी प्रत्येकी वीस वेळा चिंचोका फेकला की 600 नोंदी होतात. त्या स्प्रेडशीटमध्ये भरायच्या. एखाद्याचा आकडा भलताच आला तरी तो खोडायचा नाही, बेरजेत धरायचा.