समुपदेशकाला पदवीबरोबर पदही हवे

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांमधील मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला होता. त्या प्रकरणातील हा निकाल आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याहून कमी पट असलेल्या संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे न्यायालयाने बजावले. या आदेशामुळे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढील एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. शालेय समुपदेशनाची वाट धरावी, की चिकित्सा मानसशास्त्राची?

मुंबई-पुण्यात या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीवर ठरू शकते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तसे होत नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यानंतर सात तालुक्यांच्या उरलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाख असून त्यातील सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहतात. पदवी जवळच्या महाविद्यालयात मिळते. पुढील प्रशिक्षण आणि रोजगार यांसाठी मात्र साठ किलोमीटरवरचे नागपूर किंवा त्याही पलीकडचे शहर गाठावे लागते.

दोन्ही व्यवसायांचे स्वरूप भिन्न आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. या मुलांना चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची आणि प्रसंगी मनोविकारतज्ज्ञाची गरज असते. उरलेल्या मुलांनाही परीक्षेची धास्ती, घरातील व्यसन, अभ्यासक्रमाची निवड, मित्रांकडून होणारी छळणूक असे प्रश्न असतातच. त्यांना रुग्णालयात नेण्याचे कारण नसते. त्यांचे ऐकून घेणारा जाणकार माणूस शाळेतच असावा लागतो. शालेय समुपदेशकाचे क्षेत्र ते हेच.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. सातवीतील मुलगा हुशार असूनही वाचताना अडखळतो. हा आळस नसून विशिष्ट अध्ययन अक्षमता असावी, ही शंका प्रथम समुपदेशकाला येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली आहे. तथापि, दहावीच्या परीक्षेतील सवलतींसाठी लागणारे प्रमाणपत्र रीतसर चाचण्यांनंतर अधिकृत वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळते. शंका घेणारा शाळेत नसेल, तर चाचणी करणाऱ्यापर्यंत मूल पोहोचत नाही. चाचणी करणारा आवाक्यात नसेल, तर शंका घेऊन उपयोग नसतो. ही दोन्ही कामे परस्परपूरक आहेत. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघांचे स्थान सारखे नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करण्यासाठी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अनिवार्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही या व्यावसायिकाची व्याख्या केली आहे. त्यासाठी आजवर पदवी, पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचे एम.फिल. असा बारावीनंतर सात वर्षांचा प्रवास करावा लागे. जागा मोजक्या आणि स्पर्धा देशव्यापी. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद केल्यावर या विषयाला २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली. त्याची जागा घेणाऱ्या नव्या अभ्यासक्रमांची घडी अद्याप नीट बसलेली नाही.

शालेय समुपदेशकाचे शिक्षण तुलनेने लवकर आटोपते, परंतु त्याच्या पायाखालची जमीन पक्की नाही. ‘सीबीएसई’च्या शाळांना समुपदेशक नेमण्याचे बंधन आहे. राज्यातील अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत मात्र असे स्वतंत्र पद नाही. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात जिल्हानिहाय समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. ही सेवा उपयुक्त असली, तरी ती हंगामी आहे. जबाबदारी मात्र हंगामी नसते. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराची हकीकत सांगितली, तर ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे समुपदेशकावर बंधनकारक आहे. ज्याची नोकरीच संस्थाचालकांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने अशा वेळी निर्भयपणे वागावे, ही अपेक्षा कितपत वाजवी आहे?

आणखी एक अडसर अलीकडेच निर्माण झाला आहे. आरोग्यसेवेशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्र येत असल्याने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून हा विषय दूरस्थ पद्धतीने शिकवण्यास आयोगाने मनाई केली. गुणवत्तेच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु लाखांदूर किंवा पवनीत राहून, नोकरी वा संसार सांभाळून पदव्युत्तर पदवी घेऊ पाहणाऱ्यांची सोयीची वाट त्यामुळे बंद झाली.

या साऱ्याचा परिणाम उघड आहे. ज्याला परवडते तो चिकित्सा मानसशास्त्राकडे वळतो आणि शहरात स्थिरावतो. मागे राहतो तो जिल्हा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालकांचा मृत्यू झाला. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर येथील आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगार दगावले. अशा आघातांतून सावरण्यास दीर्घकाळ साथ लागते. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. परंतु झाडीबोलीत दुःख सांगणाऱ्या आईला ते त्याच बोलीत समजून घेणारे माणूस समोर असणे, ही वेगळी गोष्ट आहे.

उपाय अशक्य कोटीतला नाही. ग्रामीण भागातील अनेक प्राथमिक शाळांचा पट शंभराच्या आत असल्याने प्रत्येक शाळेला समुपदेशक मिळणे कठीण आहे. समूह साधन केंद्रासाठी एक, हे प्रमाण मात्र व्यवहार्य ठरते. दिव्यांग मुलांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण केली. त्याच धर्तीवर समुपदेशकाचे पद मंजूर करून ते जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाशी जोडता येईल. त्यामुळे छोट्या शाळांबाबतच्या न्यायालयाच्या निर्देशाचेही पालन होईल.

तोवर विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ‘थेरपिस्ट’ म्हणवून घेण्याचा मोह टाळावा. मुलांच्या गोतावळ्यात रमणाऱ्याने शाळा निवडावी, विकारांचे निदान व उपचार यांत रस असणाऱ्याने चिकित्सेची लांबची वाट धरावी. निवड ज्याची त्याने करावयाची आहे. मात्र एका बाजूला पद नाही आणि दुसऱ्या बाजूला जागा नाहीत, अशा स्थितीत केलेल्या निवडीला निवड म्हणणे कठीण आहे. ती परिस्थिती पालटणे हे शासनाचे काम आहे आणि न्यायालयाच्या आदेशानंतर ते टाळण्यास सबब उरलेली नाही.