गोळी चावावी की गिळावी?

जीवनसत्त्वाची गोळी चावून खावयाची आणावी की पाण्याबरोबर गिळावयाची, असा प्रश्न आमच्या वाचक कुटुंबांतून वारंवार येतो. तो वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि ज्या घरी तान्हे मूल, गरोदर सून आणि दात गेलेले आजोबा एकाच छपराखाली नांदतात, त्या घरी सर्वांस एकच उत्तर पुरत नाही.

औषध तेच व मात्रा तीच असेल, तर चावल्याने गुण अधिक आणि गिळल्याने उणा, असे सहसा घडत नाही. तेव्हा निवड करावयाची ती घेणाऱ्याच्या सोयीवरून. ज्या वृद्धांस गिळताना ठसका लागतो, त्यांस चावावयाची गोळी बरी. दात नसल्यास पातळ औषध मागावे. ‘क’ जीवनसत्त्वाची आंबट गोळी मात्र फार वेळ चघळीत बसू नये, कारण आम्लाने दातांचे कवच झिजते. ती खाऊन चूळ भरावी. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 एककांची गोळी, मग ती कोणत्याही प्रकारची असो, डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयास सांगतात. ती चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होऊ शकतो.

सरकारी आरोग्य केंद्रातून गरोदर स्त्रियांस मिळणारी लोह व फॉलिक आम्लाची तांबडी गोळी सबंध गिळावयाची असते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते आणि वरील आवरणाने त्याची उग्र चव जिभेस लागत नाही. ती चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये. त्यायोगे लोह अंगी लागण्यास अडथळा येतो.

आता अधिक गंभीर गोष्ट सांगतो. चावावयाची गोड गोळी मुलास देताना आपण तिला कौतुकाने ‘खाऊ’ म्हणतो. मग आईच्या उशाशी पडलेली तांबडी गोळीही त्या बाळजीवास खाऊच वाटते. अशा अनेक गोळ्या पोटात गेल्यास लहान मुलाच्या प्राणावर बेतते. आधी ओकाऱ्या होतात. पुढे कित्येकदा काही तास मूल सावरल्यासारखे दिसते. हा आराम फसवा असतो, कारण आत लोहाचे विष यकृतापर्यंत पोहोचत असते. म्हणून ओकारी थांबली तरी वाट पाहू नये. तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे, म्हणजे काय व किती खाल्ले याचा डॉक्टरांस अंदाज येतो.

तेव्हा मातापित्यांनो, गोळी कोणतीही आणा, पण ती मुलाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा. आणि मुलांसमोर औषधास औषधच म्हणा.