फराहबागेला ताजमहालाचे शिफारसपत्र कशाला?

रोमजवळील तिवोली येथे कार्डिनल इप्पोलितो द’एस्ते याने १५५०च्या सुमारास एका प्रासादाची आणि उद्यानाची योजना आखली. आनिएने नदीचे पाणी वळवून, केवळ उताराच्या बळावर, तेथे शेकडो कारंजी उडवली गेली. तो व्हिला आज जागतिक वारसास्थळ आहे. वाटूरच्या तरुणालाही त्याची चित्रे मोबाईलवर सहज दिसतात. परंतु वाटूर फाट्यावरून जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे अहिल्यानगर अशा वाटेवर, त्याच शतकातला तसाच एक विलासप्रासाद उभा आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

सांगितलेच, तर एवढेच की फराहबाग पाहून शाहजहानला ताजमहाल सुचला!

ही आख्यायिका गौरवाची वाटते. प्रत्यक्षात ती फराहबागेची अवहेलना आहे. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा फराहबागेच्या आधीचा. मध्यवर्ती घुमटी दालनाभोवती आठ दालने मांडण्याची ‘हश्त बिहिश्त’ रचना तैमुरी-इराणी परंपरेतून आलेली, आणि ती मुघलांच्या घरचीच होती. ती शिकण्यासाठी त्यांना नगरला येण्याचे कारण नव्हते. शिवाय ताज ही कबर आहे. फराहबाग जगण्यासाठी, उन्हाळा सुसह्य करण्यासाठी बांधलेली. (याच नगरात सलाबतखानाच्या कबरीला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात; कबर आणि महाल यांची गल्लत येथे जुनीच.)

फराहबागेचा खरा इतिहास अधिक रोचक आहे. मुर्तजा निजामशाहाच्या (१५६५–१५८८) काळात येथे प्रथम उभारलेला महाल सुलतानाला पसंत पडला नाही. तो पाडून नवा बांधला गेला आणि १५८३च्या सुमारास सलाबतखानाच्या हाताखाली पूर्ण झाला. ‘दिवाणा’ म्हणून हिणवला गेलेला हा सुलतान दरबार टाळून बागांमध्ये एकांतात राहत असे. विशाल हौदाच्या मध्यभागी अष्टकोनी, दुमजली वास्तू. तेथवर नेणारी एकच चिंचोळी वाट. एकांत हवा असणाऱ्याचेच हे घर!

आणि पाणी? नगरच्या परिसरातील टेकड्यांच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालील खापरी नळांनी शहरात आणि बागांत खेळवले जाई. तिवोलीत जे उताराने साधले, तेच येथे, पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखात. म्हणूनच फराहबाग म्हणजे केवळ घुमट नव्हे. हौद, नळ, वाफे आणि वास्तू मिळून एकच रचना होती.

त्या रचनेतील दगड-चुना तेवढा उरला. बाग नाहीशी झाली, हौद कोरडा पडला. तिवोलीची कारंजी बंद करून केवळ भिंती जपल्या असत्या, तर त्याला जतन म्हणण्यास कोणी धजावले नसते. येथे मात्र भिंतींची डागडुजी म्हणजेच वारशाचे रक्षण, असे मानून सारे स्वस्थ आहेत. खापरी नळांचे मार्ग वाढत्या शहराखाली गाडले जात असताना, ताजमहालाची गोष्ट तेवढी नव्याने सांगितली जाते.