एकच रॉड, बास!

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये फिशिंगच्या सेक्शनला एकदा चक्कर मारा. नुसती चक्कर, खिशात हात घालू नका. मंडईत ऊस उभा करावा तशा पन्नास-साठ काठ्या एका ओळीत उभ्या असतात. कुणावर लिहिलंय मीडियम, कुणावर मीडियम-हेवी. कुणी फास्ट, कुणी एक्स्ट्रा फास्ट. आपण मासे पकडायला आलोय की ब्रॉडबँडचा प्लॅन घ्यायला, तेच कळेनासं होतं. त्यात तिथला सेल्समन भलताच उत्साही. त्याच्या मते प्रत्येक टेक्निकला वेगळा रॉड हवा, म्हणजे किमान पाच. बॉस, आपल्याला महिन्यातून दोन-तीन वीकएंडला तळ्याकाठी जायचंय, टूर्नामेंट खेळायची नाहीये!

ऑनसाइटवर आलेले बरेच जण हल्ली मेल करून हाच प्रश्न विचारतात, म्हणून आज हा विषय. पण आधी मासा समजून घेऊ. बास हा इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. उच्चार खरं तर ‘बॅस’च्या जवळचा, पण आपल्या मंडळींत सगळे बासच म्हणतात. आमच्या एडिसन-प्रिन्स्टन पट्ट्यात मर्सर लेक, फॅरिंग्टन लेक, कार्नेगी लेक अशी तळी आहेत. तिथे सापडतो तो मुख्यतः लार्जमाउथ बास. हिरवट अंग, बाजूने काळपट पट्टा आणि वरचा जबडा पार डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. पाणवनस्पतीच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. या माशाच्या नादावर इथे अख्खी इंडस्ट्री उभी आहे. बास प्रो शॉप्स ही अवाढव्य चेन 1972 साली मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये सुरू झाली, तीसुद्धा मालकाच्या वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या मागच्या एका कोपऱ्यात.

मी रॉड घेतला तो बाबांसाठी. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आईचं बरं चाललं होतं. तिला नात होती, शेजारच्या काकू होत्या. बाबांचं काय? सकाळी साडेआठला आम्ही दोघं ऑफिसला पसार. गाडी चालवता येत नाही, फुटपाथ आहे पण त्यावर चिटपाखरू नाही. तिसऱ्या आठवड्यात ते जेवताना बोलेनासे झाले. चौथ्या आठवड्यात म्हणाले, “अरे, तिकीट अलीकडचं मिळतं का बघ जरा.”

बाबा मूळचे देवगडकडचे, खाडीकाठचे. सगळं लहानपण गरवण्यात गेलेलं. हातात तंगूस, टोकाला गरी, गरीला कोळंबी. रॉडची भानगडच नाही. म्हटलं, चला, हेच करून बघू. बजेट सगळं मिळून शंभर डॉलर आणि अट एकच, रॉडही एकच. त्यासाठी जो होमवर्क केला, तो तुमच्यासाठी इथे देतोय.

पॉवर आणि ॲक्शन

या दोन शब्दांत सगळे गोंधळतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट ॲक्शनची काठी फक्त शेंड्याकडे वाकते, खालचा भाग ताठ राहतो. त्यामुळे माशाने तोंड लावलं की लगेच कळतं आणि झटका मारला की गळ चटकन रुततो. मॉडरेट ॲक्शनची काठी मध्यापर्यंत वाकते. तीन टोकांचे गळ असलेल्या क्रँकबेटसारख्या आमिषांना ती बरी, कारण मासा हिसडे देतो तेव्हा काठीच ते झेलते आणि गळ सुटून येत नाही.

कॅज्युअल बास फिशिंगसाठी उत्तर सरळ आहे: मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. प्लॅस्टिकचं गांडूळ, छोटा स्पिनरबेट, हलका क्रँकबेट, पाण्यावर तरंगणारं आमिष, सगळं यावर निभावतं. दाट शेवाळातून आणि कमळाच्या पानांतून मासा खेचून काढायचा असेल, तर मात्र ही काठी कमी पडते. तुमचं नेहमीचं तळं तसं असेल तर मीडियम-हेवी घ्या आणि अगदी हलकी आमिषं विसरा. एका काठीत सगळं हवं म्हटल्यावर एवढी तडजोड आलीच.

लांबी किती?

साडेसहा ते सात फूट. सात फुटी काठीने आमिष लांब जातं. काठावर डोक्यावर झाडं असतील किंवा सोबत लहान मुलं असतील, तर साडेसहा फूट सोयीची. आम्ही सात फुटी घेतली, पण दोन तुकड्यांत जोडायची. शुद्ध फिशिंगवाले एकसंध काठीचा आग्रह धरतात. त्यांच्याकडे पिकअप ट्रक असतात. आपल्याकडे वन-बेडरूम अपार्टमेंट आणि कोरोला. साडेतीन फुटांचे दोन तुकडे कपाटात बसतात, डिकीतही बसतात. आजच्या चांगल्या जोडाच्या काठीत आणि एकसंध काठीत आपल्यासारख्याला फरक जाणवत नाही.

स्पिनिंगच घ्या

रीळ दोन प्रकारची. बेटकास्टिंग रीळ काठीच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूल स्वतः गरगर फिरतो. अंगठ्याने वेळेवर ब्रेक नाही लावला तर दोऱ्याचं असं घरटं होतं की रविवारची सकाळ ते सोडवण्यात जाते. स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकतं, स्पूल स्थिर राहतो आणि दोरा नुसता सुटत जातो. तर्जनीवर दोरा धरा, वरची तार उघडा, फेका, बोट सोडा. बाबांना दहा मिनिटांत जमलं. हलकी आमिषंही याच्यावर लांब जातात. साइज 2500 घ्या, कारण सात फुटी मीडियम काठीला ते तोलात बसतं. लाइन साधी नायलॉन मोनोफिलामेंट, 8 किंवा 10 पाउंडांची, म्हणजे तेवढ्या ओढीला टिकणारी. स्वस्त, थोडी ताणणारी, गाठ मारायला सोपी. थोडक्यात काय, बाबांचं तंगूसच.

कार्बन की फायबर?

ग्राफाइट म्हणजे कार्बनची काठी हलकी आणि संवेदनशील, पण दारात आपटली तर तुटू शकते. फायबरग्लास जड आणि मजबूत, पण खालची हालचाल हाताला कमी कळते. दोन्हींचं मिश्रण असलेल्या काठ्याही मिळतात. त्यातली ‘अग्ली स्टिक’ 1976 पासून बाजारात आहे आणि हयगयीने वापरली तरी टिकते म्हणून फेमस आहे. घरात मुलं आणि वापरणारे दोघं-तिघं असतील तर मिश्रणाची काठी घ्या. साधारण पन्नास डॉलरमध्ये काम होतं. त्यावरच्या पैशात मिळणारा फरक कळायला आधी दोन-तीन सीझन जावे लागतात.

दुकानात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. हँडलच्या वर बारीक अक्षरात लाइन आणि आमिषाचं वजन छापलेलं असतं; 1/4 ते 5/8 औंस, म्हणजे 7 ते 18 ग्रॅम, हा आकडा शोधा. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कडीला चीर आहे, ती लाइन कापणार. आणि रीळ लावून काठी दोन बोटांवर तोला. शेंडा धपकन खाली गेला तर तासाभरात मनगट भरून येणार.

लायसन्सचं विसरू नका

न्यू जर्सीत 16 ते 69 वयाच्या रहिवाशांना गोड्या पाण्यात मासेमारीसाठी लायसन्स लागतं. पाहुण्यांचं वेगळं, जरा महाग. काठी एक असली तरी फेकणारे दोघं असतील तर लायसन्स दोन. शिवाय 15 एप्रिल ते 15 जून हा बासच्या विणीचा काळ, तेव्हा पकडलेला बास सोडून द्यावाच लागतो. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी ताटात वाढलेला बांगडा परत तव्यावर टाकायला सांगतोय. “सोडायचाच तर पकडलास कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण पहिला बास, असेल पाऊण किलोचा, त्यांनी स्वतः ओल्या हाताने गळातून काढला आणि पाण्यात सोडला. मग तो गेला त्या दिशेला बराच वेळ बघत राहिले.

एक गंमत माझ्या लक्षात आली. रॉड हातात असला तरी बाबा दोरा दोन बोटांत धरून बसायचे. शेंडा हलायच्या आधी त्यांना कळायचं. आणि काठी एकच, म्हणून एकाने फेकायचं आणि दुसऱ्याने नुसतं शेजारी बसायचं. बसलं की माणूस बोलतो. खाडीतल्या गोष्टी, आजोबांचं कर्ज, मी बारावीत असताना त्यांनी नाकारलेलं प्रमोशन. बापलेकात एवढं बोलणं गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. दुसरा रॉड घेऊ का, असं मी जूनमध्ये विचारलं. म्हणाले, “कशाला? एक बास.” विनोद झालाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. तिकिटाचा विषय मात्र परत निघाला नाही. ठरल्या तारखेलाच गेले.

पाच रॉडवाल्या सेल्समनसाठी एक किस्सा. 2 जून 1932 रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या शेतकऱ्याने 22 पाउंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून मोठा लार्जमाउथ पकडला. त्या दिवशी तो आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून एकच रॉड होता असं सांगतात. मासिकाच्या स्पर्धेत त्याला 75 डॉलरच्या वस्तू मिळाल्या आणि मासा घरच्यांनी खाल्ला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने एक औंसाहून कमी फरकाने मोठा बास पकडला. पण विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी मानली गेली. सगळा आधुनिक सरंजाम येऊनही एका काठीवाल्याला कुणी स्पष्टपणे मागे टाकलेलं नाही.

तेव्हा लिस्ट लिहून घ्या: सात फूट, दोन तुकडे, मीडियम, फास्ट, स्पिनिंग, 2500, दहा पाउंडांची लाइन. उरलेल्या पैशाचं लायसन्स काढा. आणि शेजारी बसायला कुणीतरी घेऊन जा.

(पुढच्या आठवड्यात: अपार्टमेंटमध्ये माशाचं कालवण, शेजाऱ्यांची तक्रार येऊ न देता!)