रेवडीची रेवडी

'जगात जर्मनी, भारतात परभणी!' मी परभणीचा म्हटलं की पुण्यातल्या ऑफिसात समोरचा हा डायलॉग टाकणारच. चालतं बॉस, त्याची सवय आहे. पण मीटिंगमध्ये कुणी कुणाची 'रेवडी उडवली' की माझ्यातला परभणीकर खवळतो. त्या बिचाऱ्या रेवडीने कुणाचं काय घोडं मारलंय?

मराठीत रेवडी उडवणं म्हणजे टर उडवणं. हिंदी म्हणीतला आंधळा रेवड्या वाटतो आणि फिरून फिरून आपल्याच माणसांना देतो. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी कल्चर'वर टीका केली आणि रेवडी थेट प्राइम टाइमला! तेव्हापासून रेवडी म्हणजे फुकटची खैरात. यातल्या किती जणांनी ती बनताना पाहिली असेल?

मी पाहिलीय. परभणीत फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. आकाशपाळणे, बांगड्या, भजी आणि मिठाईच्या दुकानांत रेवड्यांचे ढीग. तिथेच एका दुकानामागे भट्टीजवळ मी तासभर उभा होतो.

साखर नाहीतर गूळ पाण्यात उकळायचा. एकतारी, दोनतारी पाक लाडवांना. इथे त्याच्या खूप पुढे जायचं. साखरेचा पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत. थर्मामीटर? वाटीभर थंड पाणी! त्यात पाकाचा थेंब टाकायचा, बाहेर काढून तो कट्कन मोडला की पाक झाला. जरा उशीर, की करपला. थोडं लिंबूही पिळतात, म्हणजे साखरेचे पुन्हा दाणे होत नाहीत.

मग पाक तुपाचा हात लावलेल्या परातीत ओतून त्याचा गोळा करायचा. खरी गंमत इथून पुढे. तो गरम गोळा खुंटीला अडकवायचा, ओढायचा, दुमडायचा, पुन्हा खुंटीला. प्रत्येक घडीला पदर दुप्पट. आयटीवाल्यांनो, करा हिशेब : दहा घड्यांत १,०२४, वीस घड्यांत दहा लाखांच्या वर! प्रत्यक्षात पदर एकमेकांत मिसळतात, पण मध्ये कोंडलेली हवा उरते. त्या हवेमुळेच काचेसारखा तपकिरी पाक रेशमासारखा फिका, चमकदार होतो. रंग वगैरे काही नाही. चिक्कीचा पाक असा ओढत नाहीत, म्हणून ती दाताशी भांडते आणि रेवडी कुरकुरत फुटते.

पण हे सगळं गोळा गरम असेपर्यंतच. गार झाला की दगड. इथे टी-ब्रेक नाही, 'उद्या सकाळी पाठवतो' नाही. "चाचा, हात भाजत नाही का?" मी विचारलं. "रुके तो जलता, बेटा," ओढता ओढताच ते म्हणाले.

शेवटी दोरी वळायची, तुकडे कापायचे, चपटे करायचे आणि भाजलेल्या गरम तिळात घोळवायचे. तीळ फक्त चवीला नसतात. साखर हवेतला ओलावा ओढते. तीळ नसतील तर रेवड्या एकमेकींना चिकटून बसतील. म्हणूनच हा माल थंडीचा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की संपलं.

कोरियातलं 'योत', अमेरिकेतली 'टॅफी' ही याच खुंटीची भावंडं. तिकडे टॅफी ओढणारं मशीन दुकानाच्या काचेमागे फिरतं आणि टुरिस्ट बघत उभे राहतात. आपल्याकडे चाचा दुकानाच्या मागे आणि गिऱ्हाईक पुढे, पावशेरामागे पाच रुपये कमी करा म्हणत.

चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. मला वाटलं, त्यांना याचं वाईट वाटत असेल. छे! "उसके हाथ बच गए," म्हणाले. खुश होते. वाईट वाटलं ते मला, कारण मी फक्त खाणारा.

तेव्हा मंडळी, रेवडीला फुकटची म्हणायचंय? जरूर म्हणा. आधी फक्त पाच मिनिटं त्या खुंटीसमोर उभे राहा. मग खुशाल वाटा!