बालारोग्य : पाणी उकळले, तरी लस हवीच

पाणी गाळून, उकळून पिण्याच्या जैन आचारामुळे अनेक रोग टळतात. परंतु तीव्र जुलाब घडवणारा रोटाव्हायरस हातांवरून, खेळण्यांवरूनही बाळाच्या तोंडात पोहोचतो. म्हणून स्वच्छतेच्या जोडीला लस आवश्यक ठरते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती जन्मानंतर ६, १० व १४ आठवड्यांनी तोंडावाटे, विनामूल्य दिली जाते. उशीर झाल्यास पहिला डोस वर्षाच्या आत घेता येतो.

इतर कारणांनी होणारे जुलाब ही लस रोखत नाही. अशा वेळी स्तनपान चालू ठेवावे, ओआरएस द्यावे. लसीनंतर क्वचित आतड्याचा गंभीर विकार संभवतो. बाळ कळवळून रडत राहिले, वारंवार उलट्या झाल्या वा शौचातून रक्त गेले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.