नऊ ताऱ्यांची साक्ष

आपण सारे ताऱ्यांच्या धुळीतून घडलो, हे वाक्य साहित्याच्या वर्गांत अलीकडे फार स्वस्त झाले आहे. भव्यतेचा आभास निर्माण करण्यास ते बरे पडते. परंतु हे कळले कसे, असे सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः आपल्या कामाचा प्रश्न तोच आहे, कारण तो वाचनाचा प्रश्न आहे.

२०१५ साली दक्षिण आकाशात रेटिक्युलम २ ही बटू दीर्घिका सापडली. ती सुमारे एक लाख प्रकाशवर्षे दूर. सगळ्या ताऱ्यांचा मिळून प्रकाश अवघ्या काही हजार सूर्यांएवढा. अलेक्झांडर जी, अ‍ॅना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी चिलीतील मॅगेलन दुर्बिणीने तिचे सर्वांत तेजस्वी नऊ तारे तपासले (बाकीच्यांचा तपशीलवार वर्णपट मिळणेच दुष्कर). प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातील ठरावीक तरंगलांबी शोषून घेते. त्या काळ्या रेषा किती ठळक आहेत यावरून त्याचे प्रमाण काढता येते. नऊपैकी सात ताऱ्यांत युरोपियम, बेरियम ही जड मूलद्रव्ये अशा इतर दीर्घिकांच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक निघाली. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हे एकाच दुर्मीळ घटनेचे, बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे, देणे असावे. २०१७ साली अशी एक टक्कर प्रत्यक्ष टिपली गेली, तेव्हा या मताला बळ मिळाले. विरळ जातीचे अतिनवतारे मात्र अजून वादातून बाद झालेले नाहीत.

आमच्या मते लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ती दीर्घिका खुजी होती म्हणूनच वाचता आली. आपल्या आकाशगंगेत असंख्य स्फोटांची राख एकमेकींत कालवली गेली आहे. तिथे एखादी घटना वेगळी काढणे जवळजवळ अशक्य. रेटिक्युलममध्ये ताऱ्यांचा जन्म लवकर थांबला आणि पहिला मजकूर तसाच राहिला. वाङ्मयेतिहासात आपण ‘गौण’ हा शेरा किती सहज मारतो! चार अंकांत बंद पडलेले नियतकालिक, एकाच पुस्तकानंतर थांबलेला लेखक, यांना आपण थोरांची अपुरी आवृत्ती म्हणून वाचतो आणि अभ्यासक्रमातून वगळतो. त्यांच्यात एखादा प्रभाव निर्भेळ उरला असेल, ही शंकाही आपल्याला शिवत नाही.

उरलेल्या दोन ताऱ्यांत ती जड मूलद्रव्ये सापडली नाहीत. त्या नवांत सर्वांत कमी लोह याच दोघांत आहे. म्हणजे ते बहुधा त्या घटनेच्या आधी जन्मलेले. घटनेपूर्वी तिथे काय होते, याची साक्ष देतात ते हेच दोघे.